ओला पडदा

सकाळी साडेदहा वाजता छगनशेठनं चांगुणाबाईच्या तोंडात पेढा घातला. घातला म्हणजे कोंबला. तिनं मान मागं घेतली होती, ओठ मिटले होते. पण समोर कॅमेरा होता, आणि कॅमेऱ्यासमोर पेढा भरवताना ज्याला भरवायचा त्याला कुणी विचारत नाही. कवळी अजून वाटीतच होती. छगनशेठचं जाड बोट तिच्या हिरड्यांना लागलं. त्या बोटाला तंबाखूचा आणि अत्तराचा असा एकत्र वास होता. पेढा टाळूला जाऊन चिकटला. मग कॅमेरावाला म्हणाला की शेठची पाठ आली, परत घ्यावं लागेल. तेव्हा दुसरा पेढा आला. पहिला अजून तोंडात होता. तिच्या हनुवटीवर ओघळलेली लाळ छगनशेठनं स्वतःच्या रुमालानं पुसली, आणि तेही कॅमेऱ्यात आलं.

तिनं उठून मोरीपर्यंत जायला वेळ घेतला, पण गेली. भिंतीला हात टेकून दोन्ही पेढे थुंकले, बोटानं टाळू खरवडली, चूळ भरली. बाहेरच्या खोलीत तिचा भाचा बन्सी पाहुण्यांना सांगत होता की आत्याला गोड सोसत नाही, साखरेचा त्रास आहे. तिला साखरेचा काही त्रास नव्हता. नगरच्या एका दवाखान्यात तिनं तीस वर्षं आयाचं काम केलं होतं. लोकांच्या शौचाची भांडी उचलली, धुतली, पालथी घातली, आणि दुपारी त्याच दवाखान्याच्या पायरीवर बसून भाकर खाल्ली. तेव्हा कधी मळमळलं नाही. माणसाची घाण ही घाण असते, तिच्यात लबाडी नसते. पेढ्याचं तसं नव्हतं. चूळ भरून झाली तरी तो तुपकट गोडवा जिभेच्या मुळाशी तसाच राहिला, आणि पुढं दिवसभर तिथंच राहणार हे तिला कळलं.

ही फेब्रुवारी शहाण्णवमधली गोष्ट. बन्सीचं दोन खोल्यांचं घर नागापूरला, कारखान्यांच्या मागच्या वस्तीत. तो तिथल्याच एका वर्कशॉपात टर्नर होता, आता निवृत्त. त्याची मुलगी रश्मी शाळेत शिकवायची. छगनशेठ कोपरगावचा. त्याच्या आजोबांची तंबू-सिनेमाची कंपनी होती, त्याचा स्वतःचा केबलचा धंदा होता. देशभर सिनेमाच्या शंभरीचे कार्यक्रम चालले होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्याच्या गोदामात एक पत्र्याचा डबा सापडला. डब्यात एका मूकपटाचं एक रीळ होतं. पुण्याच्या कुणी जाणकारांनी ते धुऊनपुसून त्याची नवी प्रत करून दिली. नऊ मिनिटांचा तुकडा; बाकीचा चित्रपट नाहीसा झालेला. नाव ‘प्रवरामाहात्म्य’. त्यात नदीची देवी झालेली बाई मिस चंद्रप्रभा, आणि मिस चंद्रप्रभा म्हणजे चांगुणा, मूळ राहणार कोल्हार, प्रवरेच्याच काठचं. ती अजून जिवंत आहे हे कळल्यावर छगनशेठला जो आनंद झाला तो त्यानं येताना पेढ्यांच्या पुड्यातून आणला होता. त्याच संध्याकाळी कोल्हारला, पूर्वी त्याच्या आजोबांचा तंबू पडायचा त्याच नदीकाठच्या मोकळ्या रानात, उघड्यावर कापडी पडदा लावून तो तुकडा दाखवायचा होता आणि तिचा सत्कार करायचा होता.

तिनं महिन्यापूर्वीच हो म्हटलं होतं. का म्हटलं, हे तिला आता नीट सांगता आलं नसतं. बन्सीला बरं वाटेल म्हणून, रश्मीनं गळ घातली म्हणून. पण हे सगळं वरवरचं. खाली एक दुसरंच होतं. तिला तो तुकडा बघायचा होता. तिला स्वतःचं तोंड बघायचं होतं, आणि पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला स्वतःचं सतराव्या वर्षाचं तोंड बघायची हाव सुटावी हे आठवलं की तिला स्वतःचीच शिसारी यायची.

जीप दुपारी निघाली. पुढं ड्रायव्हर आणि छगनशेठ, मधल्या बाकावर ती, बन्सी आणि रश्मी, मागं कॅमेरावाला आणि गुंडाळलेला पडदा. पडदा नवाकोरा होता. मांजरपाटाच्या खळीचा वास खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याबरोबर पुढं येत होता आणि त्या वासानं तिची मान आखडली. त्या वेळच्या पडद्याला असा वास नसायचा. तो दहा गावांतली धूळ, बिडीचा धूर आणि नारळाचं पाणी प्यालेला असायचा. पण ओलं कापड कसं लागतं, त्यातून उजेड कसा पाझरतो, हे तिच्या अंगात कुठंतरी तसंच होतं. डोक्यात नव्हतं, कातडीत होतं. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. रश्मीनं विचारलं, ऊन लागतंय का. ती नाही म्हणाली.

राहुरीला चहाला थांबले. चहा उभ्याउभ्याच प्याले. तिच्यासाठी रश्मीनं कप जीपमध्ये आणून दिला. छगनशेठ खिडकीपाशी आला आणि कार्यक्रम कसा होणार ते सांगू लागला. त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. आजोबांबद्दल बोलताना त्याचे डोळे ओले व्हायचे आणि ते खरेच ओले असायचे. तो म्हणाला की आधी स्वागत, मग शाल-श्रीफळ, आणि चित्र सुरू होण्याआधी आजींच्या हस्ते पडद्यावर गोमूत्र शिंपडायचं. तांब्याचा तांब्या आणलाय, आंब्याचा डहाळा आणलाय. आजोबांनी घालून दिलेली प्रथा आहे. त्यांच्या तंबूत देवीचं चित्र लागलं की पहिल्यांदा पडदा शुद्ध करायचे, मगच दिवा पेटायचा. वडील सांगायचे की ही प्रथा याच चित्रापासून, याच कोल्हारात सुरू झाली.

“म्हणजे बघा,” छगनशेठ म्हणाला, “जिच्यापायी सुरू झाली तिच्याच हातानं. असा योग कुठं येतो?”

बन्सी बशीत चहा ओतत होता, तो थांबला. म्हणाला, “शेठ, आमच्यात तसलं काय न्हाई करत. आमी बौद्ध हाय, तुमाला ठावं हाय.”

“अहो बन्सीराव, हे धार्मिक नाही. हे सांस्कृतिक आहे. उलट तुमच्या समाजाच्या आजींच्या हातून होतंय, याचाच आम्हाला अभिमान आहे. मी भाषणात तसं म्हणणार आहे.”

बन्सीनं बशी तोंडाला लावली. रश्मी आत्याआजीकडं बघत राहिली. तुला नको असेल तर सांग आजी, मी बोलते त्यांच्याशी, असं हळूच म्हणाली. चांगुणाबाईनं कप परत दिला. तिच्या टाळूवर पेढ्याचा तुपकट थर होता आणि त्यावरून चहा नुसता घरंगळून गेला होता.

जीप पुन्हा रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना ऊस होता. उसाच्या ट्रॉल्या ओलांडताना ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा आणि तिचा जीव दचकायचा. कंपनीत डायरेक्टर असाच कर्णा तोंडाला लावून ओरडायचा. पुण्याला कँपात तिची मावशी एका साहेबाकडं आया होती, चांगुणा तिच्या हाताखाली होती. फिल्म कंपनीत बायकांची कामं करणाऱ्या पोराला मिश्या फुटल्या; नुसता आवाज फुटला असता तर चाललं असतं. आवाजाला तिथं काही किंमत नव्हती. चांगल्या घरची म्हणवणारी एकही बाई यायला तयार नव्हती. मॅनेजरनं तिला जात विचारली नाही. त्याला बहुधा ऐकायची नव्हती. त्यानं तिला चंद्रप्रभा केलं आणि बाहेर सांगून टाकलं की मुलगी कोकणातल्या एका घरंदाज कुटुंबातली आहे. मग रंग. सफेदा आणि खोबरेल तेलात कालवलेला पिवळट लेप, तोंडा-मानेला आणि बोटांपासून कोपरापर्यंत, कारण चोळीच्या बाहीबाहेर तेवढंच दिसायचं. लाल रंग त्या फिल्मवर काळा पडायचा म्हणून ओठांना भलताच रंग लावायचे. आरशात ती मेलेल्या बाईसारखी दिसायची आणि पडद्यावर देवी. चकचकीत कागद लावलेल्या फळ्यांनी ऊन तोंडावर मारायचे. तासाभरात तेल खवट व्हायचं, लेप वितळून गळ्यात उतरायचा, माशा बसायच्या. माशी हाकलायची नाही, देवी माशी हाकलत नाही. बोलायचं मात्र काहीही चालायचं. सगळेच बोलायचे. ऋषी झालेला नट हात जोडून तिच्यापुढं लोटांगण घालायचा आणि म्हणायचा की काल रात्रीच्या वांग्यानं पोट बिघडलंय. ती वर द्यायला हात उचलायची आणि म्हणायची, उरका आता, तळपायाला चटके बसत्यात. नंतर अक्षरांची पाटी येई, ‘वत्सा, मी प्रसन्न झाले.’ लोक ते वाचत. ज्यांना वाचता येत नसे त्यांना तंबूतला निवेदक ओरडून सांगे.

ते सारं तिला लबाडी वाटायचं नाही. ते काम होतं. त्याची किळस पुढं एकदमच आली, आणि तिची जागा ती बोटानं दाखवू शकली असती. उजव्या कानाच्या मागं, हाड संपतं तिथं.

एकोणतीस साली ‘प्रवरामाहात्म्य’ कोल्हारच्या तंबूत लागलं. कापडी पडदा ओला केला की चित्र उजळ दिसायचं आणि आरपारही दिसायचं. म्हणून पडद्याच्या पुढं गाव बसायचं आणि मागं महारवाडा. पुढच्यांना सरळ दिसायचं, मागच्यांना उलटं. पाटीवरची अक्षरं उलटी. पण मागं बसणाऱ्यांना ती सुलटी असती तरी वाचता आली नसती. चित्रात ती उजव्या हातानं वर द्यायची, मागून तो डावा दिसायचा. महारवाड्यातल्या बायका आपसांत म्हणाल्या होत्या की देवी डावरी हाय. पहिल्या रात्री तिचा धाकटा भाऊ रखमाजी, म्हणजे बन्सीचा बाप, तेव्हा सहा-सात वर्षांचा, चित्र चालू असताना उभा राहिला आणि ओरडला. आक्का, आमची आक्का हाय ती, असं ओरडत राहिला. बापानं त्याच्या तोंडावर हात दाबला, पण तोवर पुढच्या बाजूला ऐकू गेलं होतं. निवेदक बोलायचा थांबला होता. ती त्या रात्री तिथं नव्हती. ती दुसऱ्या दिवशी पुण्याहून आली, नवं लुगडं नेसून, कुणाला काही न सांगता चित्र बघायचं म्हणून. घरात कुणी तिच्याशी धड बोलेना. रखमाजीचा गाल सुजलेला होता. गावानं खेळ बंद पाडला असेल असं तिला नंतर वाटलं. पण गावाला देवी बघायची होती, आणि शेठला, म्हणजे छगनशेठच्या आजोबांना, तंबू भरायचा होता. दोघांनी मिळून मधला मार्ग काढला होता. तो तिला संध्याकाळी कळला.

ती मागं बसली होती, बापाशेजारी, डोक्यावर पदर घेऊन. एक माणूस बादली आणि पितळी पिचकारी घेऊन आला आणि नेहमीसारखा पडदा भिजवू लागला. कापड मागं फुगलं, झिरपलं, आणि थेंब त्यांच्या डोक्यांवर पडू लागले. पाण्याचे थेंब नेहमीच पडायचे, पोरं त्याला हसायची. त्या दिवशी पोरं हसली नाहीत. एक थेंब तिच्या कानामागं पडला आणि सावकाश मानेत उतरला. मग वास आला. तिनं बापाकडं पाहिलं. बाप पडद्याकडं बघत होता.

“गप बस,” बाप म्हणाला. “पानीच हाय.”

मग दिवा पेटला आणि पडद्यावर ती आली. पुढच्या बाजूनं नारळ फुटल्याचा आवाज आला, पैसे पडद्यावर आपटून खाली पडल्याचा आवाज आला. उजेडात पुढच्या माणसांच्या सावल्या कापडावर वाकताना दिसल्या. तिच्याच पायांपुढं वाकत होत्या, आणि तिला शुद्ध करून घेतलं होतं. इथवर तिला नेहमी नीट आठवायचं आणि इथवरची चीड तिला सोसायची. ती चीड अंगात मावत होती. पण त्याच्या पुढचं एक होतं, तिनं ते ना बन्सीच्या बापाला सांगितलं ना कुणाला. गोमूत्र मानेतून पाठीवर उतरत होतं, शेजारी बाप दगडासारखा बसला होता, आणि ती पडद्यावरच्या आपल्या तोंडाकडं बघत होती आणि तिच्या मनात आलं होतं, काय रूप दिसतंय माझं. खरंच आलं होतं. ती हरखली होती. तिनं मान सुद्धा पुसली नाही, कारण मान पुसायला डोळे खाली करावे लागले असते. सदुसष्ट वर्षं ती या क्षणाभोवती फिरत होती आणि दर वेळी तिच्या तोंडाला पाणी सुटत होतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. गावाची किळस करता येते, शेठची करता येते. त्या मुलीची काय करायची?

पुढं बोलपट आले. मुंबईच्या एका कंपनीनं आवाज तपासायला तिला काचेच्या खोलीत उभं करून चार वाक्यं म्हणायला लावली. तिनं म्हटली. काचेपलीकडच्या माणसानं हसू दाबून सांगितलं, बाई, देवी अशी बोलत नसते. ती नगरला परतली, दवाखान्यात लागली. छप्पन सालानंतर रखमाजीबरोबर तिनं दीक्षा घेतली आणि घरातल्या देवांबरोबर देवीच्या वेषातला स्वतःचा फोटोही प्रवाहात सोडला. मोकळं वाटेल असं वाटलं होतं. फोटो पालथा पडून बराच वेळ तरंगत राहिला होता.

कोल्हारला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. नदीकाठच्या रानात दोन बांबूंच्या मध्ये पडदा ताणला गेला. पुढं सतरंज्या, खुर्च्या, उजवीकडं माईक. जनरेटर धडधडत होता. बायका तिच्या पाया पडायला आल्या. एकीनं तिच्या पायाची धूळ लहान मुलाच्या कपाळाला लावली. पायाला मोज्याचा घाम होता, तोच त्या मुलाच्या कपाळाला लागला असणार. ती पाय ओढून घेत होती आणि बायकांना तो विनय वाटत होता. एक म्हातारी कुणालातरी सांगत होती की हिच्या नुसत्या दर्शनानं त्या साली दुष्काळ हटला. शाल झाली, श्रीफळ झालं. छगनशेठ भाषणात अभिमान म्हणाला, दोनदा म्हणाला, आणि टाळ्या पडल्या. बन्सी पहिल्या रांगेत ताठ बसला होता. टाळ्या पडल्यावर तो आधी खाली बघायचा आणि मग वर. रखमाजीचं पोर गावाच्या पुढं, खुर्चीवर बसलं होतं. ते बघून तिला बरं वाटायला हवं होतं आणि थोडंसं वाटलंही.

मग तांब्या तिच्या हातात आला. जड होता. आंब्याच्या डहाळ्याखालून तो वास वर आला, तोच. सदुसष्ट वर्षांत त्याच्यात काही बदल झालेला नव्हता. प्रोजेक्टरचा पांढरा उजेड पडद्यावर पडलेला होता, चित्र अजून सुरू व्हायचं होतं. शिंपडलं की सुरू. सरळ होतं. चार थेंब उडवायचे आणि खुर्चीत बसून नऊ मिनिटं ते तोंड बघायचं. न शिंपडता खरं काय ते सांगायचं म्हटलं तरी समोर कॅमेरा होता. ती जे सांगेल ते हे लोक तितक्याच ओल्या डोळ्यांनी ऐकतील, टाळ्या वाजवतील, आणि पुढच्या वर्षी त्याचीही प्रथा होईल. छगनशेठ तिच्या कोपराला हात लावून तिला पडद्याकडं नेऊ लागला. कोपराच्या वर, रंग जिथं संपायचा तिथं त्याचा हात होता.

ती पडद्यापाशी थांबली नाही. बांबूला वळसा घालून चालू लागली.

“आजी, इकडं. इकडून शिंपडायचं.”

“माझी खुर्ची मागं आना,” ती म्हणाली.

“मागून उलटं दिसेल हो.”

“मला उलटंच म्हाईत हाय.”

लोक हसले, म्हातारीची गंमत वाटली. कुणीतरी खुर्ची आणून ठेवली. मागं काटेरी झुडपं होती, पलीकडं नदीचं कोरडं पात्र. ती बसली, तांब्या मांडीवर घेतला. छगनशेठ घड्याळ बघत पुढं निघून गेला आणि माईकवरून सांगू लागला की आजींना एक मिनिट देऊ या. रश्मी एकटी तिच्याजवळ आली, वाकली.

“काय झालं आजी? बरं वाटत नाही का?”

चांगुणाबाईनं तिच्याकडं पाहिलं नाही. ती पांढऱ्या कापडाकडं बघत होती.

“ही प्रथा न्हाई, रश्मे. पयल्यांदा शिंपडलं ना ह्येनी, तवा मी खाली बसले हुते. इथंच. माझा बाप बी. आन तुझा आजा.”

रश्मीला समजायला थोडा वेळ लागला. तिनं तांब्याकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं, मग मागच्या मोकळ्या जमिनीकडं, जिथं आता एकच खुर्ची होती. तिनं तांब्या घ्यायला हात पुढं केला. चांगुणाबाईनं सोडला नाही. अजून एक गोष्ट सांगायची होती, हरखलेल्या त्या मुलीची, पण ती घशाशी येऊन पेढ्यासारखी चिकटली. रश्मी सरळ उभी राहिली आणि बांबूला वळसा घालून पुढं गेली.

मग पडद्यावर तिची सावली आली, मोठी, कडा फुटलेली. एका बाजूला माईक होता, दुसऱ्या बाजूला बन्सी बसला होता आणि त्याच्यामागं जीप. मागून डावं-उजवं बदलतं, आणि इतक्या वर्षांनी कुठली बाजू कुठली, पोरगी माईककडं निघाली की बापाकडं, ते चांगुणाबाईला ठरवता येईना. सावली चालत कापडाच्या कडेपर्यंत गेली आणि कडेबाहेर गेली. पुढून छगनशेठचा आवाज यायचा बंद झाला. लोकांची कुजबुज वाढली, कुणीतरी जनरेटरवाल्याला थांब म्हणालं.

सव्वासात वाजले होते. तांब्या तिच्या मांडीवर होता, आणि पडदा कोरडा होता.